ओली वाकळ

खानापूरकडं पाऊस लागला की वाकळ चार-चार दिवस वाळत नाही. त्यात पोरानं रोज अंथरूण ओलं केलं, की राग पोराच्या पाठीवर निघतो. पण झोपेतली शू त्याच्या हातात नसते.

5 वर्षांच्या 100 मुलांत साधारण 15 जणांना हा त्रास असतो, दहाव्या वर्षी पाचेक उरतात. आईला किंवा वडिलांना लहानपणी असेल, तर मुलाला होण्याची शक्यता जवळपास निम्मी. मारण्याआधी आजीला विचारून बघा!

कुणाचं मूत्राशय लहान, कुणाला रात्री लघवी जास्त. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो, पण गाढ झोप मोडत नाही. आपल्या मुलाचं काय, ते घरीच मोजता येतं. वय अधिक 1, गुणिले 30: सहा वर्षांच्या मुलाचं मूत्राशय साधारण 210 मिली. रात्री डायपर घाला, सकाळी वजन करा, कोरड्याचं वजन वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. त्यात सकाळची पहिली लघवी मिळवा. या सहा वर्षांच्या मुलाची बेरीज 270 च्या वर, म्हणजे 210 च्या साधारण 1.3 पटीहून जास्त जात असेल, तर रात्री लघवीच जास्त तयार होते.

खरा घोळ दिवसा होतो. शाळेतलं शौचालय घाण, म्हणून मूल पाणीच पीत नाही. संध्याकाळी घरी येऊन तांब्याभर पितं, वर चहा. पाणी सकाळ-दुपारी भरपूर द्या, पाचनंतर थोडंच. शू दर दोन-तीन तासांनी, आणि झोपताना हमखास. संडास परसात असेल तर वाटेवर दिवा ठेवा, अंधाराला भिऊन पोरं तशीच झोपतात. पोट साफ नसेल तर आधी ते बघा. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो. आणि वाकळेखाली मेणकापड घाला.

अर्धवट झोपेत उचलून नेल्यानं मूल काही शिकत नाही. ओल लागताच वाजणारा अलार्म शिकवतो, पण दोन-तीन महिने लावावा लागतो, सलग 14 रात्री कोरड्या जाईपर्यंत. सुरुवातीला मुलाला जाग येत नाही, घरच्यांनाच येते. त्यांनी त्याला पुरतं जागं करायचं. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. ती घेण्याआधी तासभर आणि नंतर आठ तास जास्त पाणी चालत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

दिवसाही कपडे ओले होणं, लघवीला जळजळ, झोपेत मोठ्यानं घोरणं, किंवा सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू होणं, यांत डॉक्टरांना दाखवा. सोबत खूप तहान लागून वजन घटत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासा.