गेलेल्यांचा रकाना

[दृश्य : तुडुंब भरलेलं स्टेडियम, मधोमध व्यासपीठ]

6 जुलै 2009. माद्रिदचं सान्तियागो बर्नाब्यू, रेयाल माद्रिद क्लबचं मैदान. आज सामना नाही, तरी सुमारे 80 हजार माणसं येऊन बसली आहेत. चोवीस वर्षांचा एक फुटबॉलपटू पांढरा शर्ट घालून पायऱ्या चढणार, एवढंच बघायचंय. व्यासपीठावर जुन्या जमान्यातले दिग्गज, रेयालचे डी स्टेफानो आणि पोर्तुगालचे युसेबियो. रोनाल्डोच्या पाठीवर आकडा 9 आहे, कारण 7 अजून कर्णधार राऊलकडे आहे. तो माइकसमोर येतो, एक, दोन, तीन मोजतो, आणि अख्खं स्टेडियम 'हाला माद्रिद' म्हणून ओरडतं.

मोसम सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. पण त्या संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या कुणालाही विचारा, यंदा संघ कुणाचा भारी? उत्तर ठरलेलं होतं.

[दृश्य : दोन रकान्यांचा कागद]

हा कागद आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मांडलाय. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. गोलरक्षकासमोर गोलरक्षक, बचावपटूसमोर बचावपटू, आणि जो भारी त्याच्यापुढे बरोबरची खूण. शेवटी खुणा मोजायच्या. 2009 च्या उन्हाळ्यात रेयाल माद्रिद आणि बार्सिलोनाचा हा कागद जगभर मांडला गेला. तो कुठे चुकला, त्याची ही गोष्ट.

आधी रेयालची जखम बघू. 2 मे 2009. ह्याच बर्नाब्यूवर बार्सिलोनाने त्यांना 6-2 असं धुतलं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लोकांसमोर. त्याच महिन्यात बार्सिलोनाने स्पेनची लीग, स्पेनचा कप कोपा देल रे आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकले. एका मोसमात हे जमलेला तो पहिला स्पॅनिश क्लब. रोममधल्या अंतिम सामन्यात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 2-0 हरवलं, आणि हरलेल्या संघात रोनाल्डोही होता.

जूनमध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ रेयालच्या अध्यक्षपदावर परत आले आणि खरेदीला सुरुवात झाली. पहिला आला एसी मिलानचा काका. नाव काका असलं तरी वय अवघं 27. किंमत साडेसहा कोटी युरोंच्या घरात. मग रोनाल्डो, 8 कोटी पौंड, म्हणजे सुमारे 9.4 कोटी युरो. तेव्हाचा जागतिक विक्रम. ल्यॉंचा करिम बेन्झेमा साडेतीन कोटींना. लिव्हरपूलहून झाबी अलोन्सो आणि आर्बेलोआ, व्हॅलेन्सियाहून आल्बिओल. एका उन्हाळ्यात 25 कोटी युरोंच्या आसपास खर्च झाला. हे सगळं सांभाळायला नवे प्रशिक्षक आले, व्हियारेयालचे मॅन्युएल पेलेग्रिनी.

बार्सिलोनाची यादी त्यामानाने आखूड. मोठा व्यवहार एकच, इंटर मिलानकडून झ्लाटन इब्राहिमोविच. त्याच्या बदल्यात सॅम्युएल एटो दिला आणि वर साडेचार कोटी युरोंहून जास्त मोजले. आदल्या मोसमात लीगमध्ये 30 गोल करणारा माणूस द्यायचा आणि वर पैसेही द्यायचे! प्रशिक्षक गार्डिओला आणि एटोचं सूत जुळत नव्हतं, म्हणून हा सौदा. सौदा म्हणून मला तो तेव्हाही विचित्र वाटला होता.

[दृश्य : कागदावर खुणा पडत जातात]

आता खुणा करू. गोलरक्षक, रेयालचा कॅसियास की बार्सिलोनाचा वाल्देस? खूण कॅसियासला. बचावफळीत रामोस आणि पेपे, समोर पुयोल, पिके, आल्वेस. बार्सिलोना थोडी वरचढ. मधल्या फळीत बार्सिलोनाचे झावी आणि इनिएस्टा, समोर अलोन्सो आणि काका. इथे पेन्सिल अडखळते. पुढे मेसी, इब्राहिमोविच, हेन्री, तर समोर रोनाल्डो, बेन्झेमा, हिग्वेन, राऊल. राखीव बाकड्यावर रेयालकडे फान निस्टलरॉय आणि फान डेर फार्टसारखी नावं. बार्सिलोनाच्या बाकड्यावर पेड्रो नावाचा एक पोरगा, दोन वर्षांपूर्वी क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून चौथ्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळणारा.

म्हणजे कागदावर रेयाल. पण ह्या कागदाची एक गंमत आहे. त्यात माणूस माणसासमोर उभा करतात. त्याच्या शेजारी कोण खेळतो, ह्याला रकानाच नसतो. रोमच्या अंतिम सामन्यातले बार्सिलोनाचे वाल्देस, पुयोल, पिके, बुस्केट्स, झावी, इनिएस्टा आणि मेसी, अकरापैकी सात जण क्लबच्याच अकादमीतून आलेले. चेंडू कुठे येणार हे ह्यांना बघावं लागत नाही.

आणि दुसरा रकाना कुणी लिहिलाच नाही, गेलेल्यांचा. एवढे नवे आल्यावर जुन्यांना जागा कुठून असणार? रेयालने वेस्ली स्नायडर इंटरला दिला. आर्येन रॉबेन बायर्न म्युनिकला. दोघे डच, दोघांचंही वय 25. त्या उन्हाळ्यात ही बातमी रोनाल्डोच्या फोटोखाली कुठेतरी लहान अक्षरांत होती.

[दृश्य : म्युनिक, ऑगस्ट 2009]

रॉबेन बायर्नकडून पहिल्याच सामन्यात वोल्फ्सबुर्गविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि दोन गोल करून मोकळा झाला. इकडे सप्टेंबरअखेर रोनाल्डोचा घोटा दुखावला आणि तो जवळजवळ दोन महिने बाहेर बसला. 27 ऑक्टोबरला माद्रिदच्याच उपनगरातला, तिसऱ्या स्तरावरचा आल्कोर्कोन संघ कोपा देल रेच्या सामन्यात समोर आला. रेयालकडून बेन्झेमा, राऊल, गुती मैदानात. निकाल 4-0, आल्कोर्कोनच्या बाजूने. परतीच्या सामन्यात रेयालला एकच गोल करता आला, आणि दोन सामन्यांच्या बेरजेत ते स्पर्धेबाहेर. डिसेंबरमध्ये पेपेचा गुडघा गेला. काकाही दुखापतींमधून पुरता बाहेर आलाच नाही.

मात्र रेयाल वाईट खेळला असं कुणी म्हणत असेल, तर ते साफ खोटं. लीगमध्ये त्यांनी 102 गोल केले आणि 96 गुण मिळवले. तोवर ला लिगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, एवढे गुण कुणाला मिळाले नव्हते, फक्त त्याच वर्षीची बार्सिलोना सोडून. त्यांचे 99. आणि रेयालचे सर्वाधिक गोल कुणाचे? कोट्यवधींच्या पाहुण्यांपैकी कुणाचेच नाहीत. हिग्वेनचे, 27. तोच हिग्वेन, ज्याच्या जागेवर बेन्झेमाला आणलं होतं. बेन्झेमाचे लीगमध्ये 8.

[दृश्य : 10 एप्रिल 2010, बर्नाब्यू]

रेयाल लीगमध्ये चार सामने हरला. त्यातले दोन बार्सिलोनाशी, आणि हा त्यातला दुसरा. आता हा गोल नीट बघा, तेहतिसावं मिनिट. मेसी चेंडू झावीला देतो आणि थांबत नाही, बचावपटूंच्या मधून आत घुसतो. झावी चेंडू वरून अलगद टाकतो. मेसी तो छातीवर घेतो आणि उजव्या पायाने कॅसियासला चकवतो. उजव्या पायाने, बरं का! छप्पन्नाव्या मिनिटाला पुन्हा झावीचा पास, ह्या वेळी पेड्रोला. 2-0. दोन्ही गोल करणारे आणि दोन्ही पास देणारा, तिघेही एकाच अकादमीतले. बाकड्यावरचा तो पेड्रो ह्या एका मोसमात सहा वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये गोल करून बसला.

पण थांबा, बार्सिलोनालाही त्यांचा गेलेल्यांचा रकाना भेटायचा होता. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत समोर आला इंटर. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद, म्हणून बार्सिलोनाचा संघ बसने मिलानला गेला. तिथे 3-1 असा हरला. इंटरचा पहिला गोल स्नायडरचा. परतीच्या सामन्यात इंटरचा एक खेळाडू लवकर बाहेर गेला, आणि आदल्या वर्षी बार्सिलोनासाठी 30 गोल करणारा एटो जवळपास बचावपटू होऊन डावी बाजू राखत राहिला. बार्सिलोनाला एकच गोल जमला. एकूण 3-2, इंटर पुढे.

रेयाल तर उपउपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला होता. हरवलं कुणी? ल्यॉंने, बेन्झेमा विकून झाल्यावर.

[दृश्य : 22 मे 2010, पुन्हा बर्नाब्यू]

त्या वर्षीचा अंतिम सामना आधीच बर्नाब्यूला ठरलेला होता. रेयालने केलेली सगळी तयारी जणू ह्याच रात्रीसाठी होती. मैदानात उतरले इंटर आणि बायर्न. एकीकडे स्नायडर, दुसरीकडे रॉबेन. पस्तिसाव्या मिनिटाला स्नायडरने इंटरच्याच मिलितोला मोकळं केलं आणि पहिला गोल झाला. दुसराही मिलितोचाच. 2-0. एटोची ही सलग दुसरी तिहेरी, म्हणजे एकाच मोसमात लीग, देशाचा कप आणि चॅम्पियन्स लीग, दोन वर्षांत दोन क्लबांकडून. आधी कुणाला जमलं नव्हतं.

सामन्यानंतर इंटरचे प्रशिक्षक जोझे मोरिन्हो संघाबरोबर मिलानला परतले नाहीत. स्टेडियमबाहेर गाडी थांबवून ते उतरले, भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या बचावपटू मातेराझ्झीला मिठी मारून रडले, आणि गाडीत बसून माद्रिदमध्येच राहिले. काही दिवसांत पेलेग्रिनींची सुट्टी झाली आणि त्यांच्या खुर्चीवर मोरिन्हो आले. बार्सिलोनाने इब्राहिमोविचला वर्षभरातच एसी मिलानला उधारीवर धाडलं.

[दृश्य : कोरा कागद, दोन रकाने]

रेयालच्या बाजूला तीन नवी नावं. डी मारिया, खेदिरा, ओझिल.