सरळ केलेली मान

मगाशी चहा घेताना दोघातिघांनी मला एकच विचारलं, सर कुठला कॅमेरा घेऊ. मी म्हटलं आधी सांगा, तुम्हाला फोटोतून हवंय काय, तर सगळे गप्प. मलाही ह्याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं गेली, आणि ते सापडलं एका स्टुडिओच्या काउंटरवर. ते सांगतोच, पण आधी पॅरिसचा एक फोटो.

साल १८३८. दागेर नावाच्या माणसाने वरच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता चांगला वर्दळीचा, पण तेव्हा कॅमेऱ्यातल्या धातूच्या प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे घोडागाड्या, माणसं, जे जे हलत होतं ते सगळं गायब, रस्ता कर्फ्यू लागल्यासारखा रिकामा. फक्त कोपऱ्यात एक माणूस दिसतो, एक पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेणारा. तो थांबला होता म्हणून उमटला. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून हाच दाखवतात. तो कोण हे कुणालाच माहीत नाही, पण मी हा फोटो बघतो तेव्हा त्या एवढ्या इमारती राहतात बाजूला आणि माझा जीव त्या वर ठेवलेल्या पायात अडकतो.

पुढच्याच वर्षी हे तंत्र जगाला कळलं, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली सुद्धा, भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिचे मेंबर होते. म्हणजे आपल्याकडे हे वेड कालचं नाही.

आता आपलं बघा. पालखी दिवे घाटात आली की आपण सगळे तिथे, तेच वळण, तोच अँगल. मीही काढलेत, छानच येतात, पण त्यात माणूस कोण असं विचारलं तर मला सांगता येत नाही. सुधारक ओलवे नावाच्या फोटोग्राफरने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढलेत, वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन, ते जरूर बघा. ते बघितल्यापासून सकाळी कचऱ्याची गाडी आली की मी आधी चेहऱ्याकडे बघतो, पूर्वी नुसता डबा पुढे करायचो, हे कबूल करतो.

आणि व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि गळ्यात कॅमेरा घालून रस्त्यावर फिरायची. २००७ मध्ये गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा हे सगळं बाहेर आलं, लाखाच्या वर निगेटिव्ह, फिल्मचे कित्येक रोल तर धुतलेलेच नाहीत! २००९ मध्ये ती गेली. तिने ते फोटो जगाला दाखवले नाहीत, मग तिला काय मिळत होतं? मला वाटतं थांबून नीट बघायला मिळत होतं, तेवढ्यावर तिचं भागत होतं.

आता स्टुडिओचं. कराडकडे एका स्टुडिओत मी डार्करूमला, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत कामाला होतो, १९८६-८७ ची गोष्ट. तेव्हा लोक एक काम हमखास आणायचे, घरातला माणूस गेलेला, त्याचा वेगळा फोटोच नाही, तर कुठल्या तरी ग्रुप फोटोतला चेहरा काढून मोठा करून द्या. अशीच एक आजी आली, नवरा मार्केटमध्ये हमाल होता, गणपती मंडळाच्या फोटोत मागच्या रांगेत उभा, चेहरा मुगाच्या डाळीएवढा. मी म्हटलं आजी, मोठा केला की फुटणार, नाकडोळे नीट येणार नाहीत. ती म्हणाली येऊ दे येतील तसे.

आम्ही आमच्या परीने चांगलं काम केलं. कॉपी निगेटिव्ह काढली, म्हणजे फोटोचाच फोटो घेतला, ब्रशने रीटचिंग केलं, डोळे रेखले, मान जरा कललेली होती ती सरळ केली आणि खाली कोट-टायवाली तयार छाती बसवली, तेव्हा सर्रास तसंच करायचे. आजीने हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत काउंटरवर ठेवला. "ह्ये आमचं मालक न्हाईत. डाव्या खांद्यावर पोती वाहून वाहून त्यांची मान उजवीकडं गेलेली, निजल्यावर बी तशीच ऱ्हायची. ही सरळ मान कुनाची हाय?"

मला तोंडावर बोलता येईना. आपण फोटो सुधारला असं मला वाटत होतं, आणि तीस वर्षं त्या माणसाने जे ओझं वाहिलं ते मी ब्रशने पुसून टाकलं होतं. आजकाल फोन हे काम आपोआप करतो, सुरकुत्या घालवतो, आणि मला दर वेळी ती मान आठवते.

त्या रात्री मी परत प्रिंट काढली, काहीही हात न लावता. फिल्मचे दाणे फुटलेले, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या, आणि मान कललेली. दुसऱ्या दिवशी आजी आली, फोटो उजेडाला धरला. बघता बघता तिचीही मान थोडी उजवीकडे झुकली. मग पदराची गाठ सोडून तिने पैसे मोजले.