दुपारच्या उजेडातला टीव्ही

(दृश्य : सोलापूरची नवी पेठ, दिवाळीआधीची संध्याकाळ. दुकानाच्या भिंतीवर ओळीनं लावलेले टीव्ही.)

भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच चित्र, मोराचं पीस. समोर एक कुटुंब उभं आहे. वडील यंत्रमागावर कामाला, मुलगी कॉलेजात. आजी स्टूल मागून घेऊन बसली आहे. सेल्समन सांगतो, "हा एलईडी, हा क्यूएलईडी, हा मिनी एलईडी आणि तो कोपऱ्यातला ओएलईडी." नावं सख्ख्या भावंडांसारखी. वडील किमतीची चिठ्ठी वाचतात आणि गप्प होतात.

पहिले तिघे खरंच भावंडं आहेत. तिन्ही मुळात एलसीडी. मागे दिवे आणि पुढे द्रवस्फटिकाचा पातळ थर. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यासमोर जणू एकेक झडप. झडप मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत साध्या एलईडीवरची रात्र काळी न दिसता करडी दिसते.

क्यूएलईडीत निळ्या दिव्यांपुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो. हे नॅनोमीटरमधले, म्हणजे अतिसूक्ष्म कण निळ्या उजेडातून शुद्ध लाल आणि हिरवा रंग काढतात. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंग खुलतात हे खरं, पण काळा रंग त्यामुळे गडद होत नाही. ते काम मिनी एलईडी करतो. मागचे दिवे बारीक आणि संख्येनं खूप, गटागटानं मंद होणारे. तरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती थोडं तेजोवलय दिसतं.

(दृश्य : जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग. ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर-खाली होताहेत.)

ओएलईडी समजून घ्यायला सोलापूरकरानं आपल्या चादरीकडे बघावं. जेकार्डवर ताण्याचा कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे नक्षीप्रमाणे ठरतं. म्हणून चादरीवर मोर उमटतो. ओएलईडीत तसाच प्रत्येक ठिपक्याला वेगळा हुकूम. ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. मागे दिवा नाही, म्हणून काळा म्हणजे निव्वळ काळा. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला माझ्या मते याच्यासारखा दुसरा पडदा नाही.

पण या घरात टीव्ही रात्री कमी आणि दिवसा जास्त चालतो.

(दृश्य : शहराच्या पूर्व भागातलं त्या कुटुंबाचं घर. भरदुपार, दार सताड उघडं.)

एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. वारा यावा म्हणून दार उघडंच असतं आणि वाऱ्याबरोबर ऊनही आत येतं. अशा उजेडात पडद्याची चमक लागते. पूर्ण पडदा उजळायची वेळ आली की ओएलईडी बहुधा मागे पडतो आणि चांगला मिनी एलईडी टिकाव धरतो. शिवाय आजीला बातम्या लागतात. खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीतले ठिपके वापरानं हळूहळू मंदावतात. एकाच जागचे जास्त मंदावले की तिथं कायमची छाप राहू शकते. आता पडदा वाचवायच्या सोयी असतात, धोका कमी झालाय, पण संपलेला नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. आजीची खाट टीव्हीसमोर नाही, बाजूला आहे. एलसीडीत दोन प्रकारचे पॅनल जास्त दिसतात. व्हीए पॅनलचा काळा गडद, पण बाजूनं पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा काळा कमी, पण बाजूनंही चित्र शाबूत. आमच्या घरी मी हे न विचारता टीव्ही आणला आणि कोपऱ्यात बसणाऱ्या आईला वर्षानुवर्षं धुरकट चेहरे पाहावे लागले. त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून दुकानात मोराचं पीस बंद करायला सांगा. ते चित्र भडक रंगांसाठीच निवडलेलं असतं आणि टीव्हीही बहुतेक वेळा दुकानी मोडवर असतो. साधा मोड लावा, बातम्यांचं चॅनल लावा आणि बाजूला जाऊन उभे राहा. मुलीनं नेमकं तेच केलं. एक टीव्ही तिथंच बाद झाला.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढ्यानं ओएलईडी या घराच्या हप्त्यात बसत नाही आणि त्याची इथं गरजही नाही. ४३ इंची, आयपीएस पॅनलचा, चमक बरी असलेला साधा एलईडी ठरला.

(दृश्य : दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन.)

टीव्ही यायचा आहे. मुलगी भिंतीला आरसा धरून उभी आहे, जिथं टीव्ही लागणार तिथं.

"आजी, खाटेवरनं काय दिसतंय?"

"दार दिसतंय की गं. डोळ्यावर ऊन येतंय."

ती आरसा घेऊन बाजूच्या भिंतीकडे जाते. "आता?"

"आता कपाट."

वडील तिथं पेन्सिलनं खूण करतात.