आधी पत्रा, मग रंग

नमस्कार मंडळी! आजचा विषय जरा खर्चाचा आहे, त्यामुळे महिनाअखेर असेल तर रेडिओचा आवाज थोडा बारीक करून ऐका, म्हणजे शेजारच्या खोलीत कुणाच्या डोक्यात नवीन बेत शिरायला नको. दारात बारा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, इंजिन ठणठणीत, कुठेही घेऊन जा, पण बॉनेट आणि टप उन्हानं पांढुरके पडलेत, दारांच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आलेत, आणि घरात चर्चा चाललीय की एकदा फुल बॉडी पेंट मारून घेऊया. किती लागतील? हा प्रश्न मला लोक लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या लायनीत विचारतात, आणि मी सगळ्यांना एकच सांगतो तेच तुम्हाला सांगतो. आधी पत्रा, मग रंग. पत्र्याचा हिशेब झाल्याशिवाय रंगाचा भाव विचारायचाच नाही.

भाव साधारण पॅनलवर चालतो हे तुम्हाला माहितीच असेल. साधी हॅचबॅक घेतली तर बॉनेट, डिकी, टप, चार दारं, पुढचे दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर, म्हणजे मागच्या चाकांवरचा पत्रा, आणि दोन बंपर, झाले १३ पॅनल. आमच्या इकडच्या बऱ्यापैकी गॅरेजात पॅनलला अडीच ते चार हजार धरा, म्हणजे तीस-बत्तीस हजारापासून पन्नासपर्यंत. कंपनीच्या वर्कशॉपला गेलात तर बराच वर जाईल, आणि पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा. साधा सॉलिड रंग स्वस्त, मेटॅलिक त्याहून महाग, पर्ल सगळ्यात महाग कारण त्याला मध्ये एक थर जास्त लागतो. एवढंच. पण हा सगळा भाव सरळ, धड पत्र्याचा आहे बरं का, आणि जुन्या गाडीचा पत्रा सरळ कधी असतो का?

यावरून आमच्या साडूंच्या पद्मिनीची गोष्ट सांगतो. स्टुडिओच्या काचेपलीकडून आमच्या कार्यक्रमाच्या बाई हात करतायत की ती गोष्ट लांब आहे, असू दे, सांगणारच.

साडू मिरजेला असतात. दारात प्रीमियर पद्मिनी, पांढरी. त्यांच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात मुंबईहून आणलेली, आणि घरात कायम एकच सांगितलं जायचं की ही गाडी गिरगावातल्या एका डॉक्टरांची, सिंगल ओनर, डॉक्टर फक्त घर ते दवाखाना वापरायचे. पाव्हणा आला की ही डॉक्टरांची कहाणी चहाबरोबर ठरलेली. वडील गेले, गाडी राहिली, आणि साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं हट्ट धरला की मी सासरी जाणार ती आजोबांच्या गाडीतून. मग आला रंगाचा विषय. साडूंनी काय केलं, चार बाजूंनी फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर एका पेंटरला पाठवले, त्यानं गाडी न बघता अर्ध्या तासात सांगितलं, बावीस हजार, सगळं धरून. साडू खूश. मी म्हटलं जरा थांबा, दुसऱ्या एका मिस्त्रींना दाखवू, म्हातारे आहेत पण हात सोन्याचा आहे. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी आहेत ना, यांचे वडील तिथं वाद्यांना पॉलिश करायचे, आणि ती नजर यांच्याकडे आलेली, पत्र्यावरून तळहात फिरवला की डोळे मिटून सांगतात कुठे दबलंय.

मिस्त्री आले. साडूंनी पहिला प्रश्न, किती घ्याल? मिस्त्री काही बोललेच नाहीत. खिशातून एक चपटा मॅग्नेट काढला, त्याला फडक्याचा तुकडा गुंडाळला की चरा पडू नये, कानामागून खडू काढला, आणि गाडीला फेरी मारायला लागले. मॅग्नेट पत्र्याला लावायचा, सोडायचा. चिकटला तर पुढे. पडला तर तिथं खडूनं गोल. कारण सरळ आहे, लोखंडी पत्र्यावर नुसता रंग असेल तर मॅग्नेट धरतो, पण मध्ये पुट्टीचा जाड थर असेल तर धरत नाही. मागच्या डाव्या चाकाच्या वर पडला, गोल. उजव्या दाराच्या खाली पडला, गोल. रनिंग बोर्डला तर असा पडत गेला की मिस्त्रींनी गोल काढायचंच सोडलं आणि सरळ एक लांब रेघ मारली. फेरी संपली तेव्हा ती पांढरी गाडी शाळेच्या फळ्यासारखी दिसत होती आणि साडूंचा चेहराही तसाच, पांढरा.

आणि मग डाव्या पुढच्या फेंडरपाशी, काचेच्या जवळ, मिस्त्री वाकले. तिथं बोट फिरवलं, नख लावलं, पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन जरा घासलं. बुजवलेली भोकं दिसली, ओळीत. मिस्त्री उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही गाडी भाड्याची हाय. इथं मीटर होता."

आता ज्यांनी जुनी मुंबई बघितलीय त्यांना लगेच कळेल. काळी-पिवळी टॅक्सीचा तो जुना लोखंडी मीटर गाडीच्या आत नसायचा, बाहेर डाव्या फेंडरवर असायचा, ड्रायव्हर खिडकीतून हात काढून किंवा उतरून झेंडी पाडायचा, खटकन आवाज यायचा. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्यानं मुंबई बघितली असं मी मानत नाही, पण ते जाऊ द्या. साडू म्हणाले शक्यच नाही, डॉक्टरांची गाडी आहे. मिस्त्रींनी वाद घातला नाही. टपावर एका कोपऱ्यात हाताएवढी जागा पाण्यानं घासायला घेतली. पांढरा गेला. खाली प्रायमरचा करडा गेला. आणि खालून निघाला पिवळा. चक्क हळदीचा पिवळा! मग दाराचं रबर ओढून बघितलं तर त्याच्या खाली काळा. आणि तेव्हा मला आठवलं, या गाडीची डिकी आतून काळीच होती की, सगळ्यांनी वर्षानुवर्षं बघितली होती, आणि आम्ही सगळे समजत होतो की फियाटची, म्हणजे पद्मिनीची, डिकी आतून काळीच असते!

साडूंच्या मुलानं आत जाऊन आरसी बुक आणलं. आतल्या पानावर नोंद होती, टॅक्सीतून खासगी केल्याची, शिक्क्यासकट. इतकी वर्षं दसऱ्याला त्या पुस्तकाची पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं, ते उघडून वाचलं कुणी नव्हतं.

सगळे अंगणात गप्प. तेवढ्यात साडूंच्या आई, त्यांना सगळं घर अक्का म्हणतं, त्या पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुझे बाबा म्हणाले होते, पोरांना सांगू नकोस, शाळेत टॅक्सीवाले म्हणून चिडवतील." मग त्या डॉक्टरचं काय? अक्का म्हणाल्या, "कसला डॉक्टर. ड्रायव्हर होता बिचारा, पण गाडी लेकरासारखी ठेवलेली. म्हणून तर घेतली."

यानंतर साडूंच्या मुलाच्या अंगात आलं की आता काळी-पिवळीच करूया, भारी दिसेल. मुंबईच्या नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून या पोरांना त्या गाडीचं फार प्रेम आलंय. मी म्हटलं बाबा, खासगी नंबरच्या गाडीला टॅक्सीचा रंग दिलास तर चौकाचौकात हवालदाराला गोष्ट सांगत बसावं लागेल, आणि बहीण सासरी जाताना वाटेत कुणीतरी हात करेल, स्टेशन येणार का म्हणून. तो विषय तिथं संपला.

आता पैशाचं ऐका, कारण गोष्ट त्यासाठीच सांगितली. मिस्त्रींनी भाव दिला तो तीन तुकड्यांत. पत्राकाम १९ हजार. रंग ३० हजार. रबर, बीडिंग म्हणजे कडेच्या पट्ट्या, क्लिपा आणि बंपरचं क्रोम मिळून ८ हजार. झाले ५७. रंगाचा आकडा बघा, फोटोवाल्याच्या बावीसपेक्षा आठच जास्त, पण पत्रा त्यानं धरलाच नव्हता! आणि मागच्या चाकावरची पुट्टी फोडली तेव्हा आतून काय निघालं माहितीये? वनस्पती तुपाचा डबा कापून रिबिटानं बसवलेला, त्यावर बोटभर पुट्टी. डब्यावरचं ताडाचं झाड स्पष्ट दिसत होतं. तो काढून नवा पत्रा वेल्ड केला, त्याचे आणखी चार गेले, म्हणजे ६१. आणि डिकीची आतली बाजू अक्का म्हणाल्या काळीच राहू दे, त्याचे पैसे मिस्त्रींनी कापून दिले.

तर मंडळी, आधी पत्रा, मग रंग. फ्रिजवरचा मॅग्नेट घ्या, फडकं गुंडाळा, गाडीला फेरी मारा, फुकट काम आहे. प्लॅस्टिकच्या बंपरला चिकटला नाही म्हणून घाबरू नका म्हणजे झालं. आणि गॅरेजवाल्याकडून भाव तीन तुकड्यांत लिहून घ्या, पत्रा वेगळा, रंग वेगळा, सामान वेगळं. एकच गोळा आकडा देतो त्याच्याकडे गाडी टाकू नका. आणि जो आकडा येईल त्यावर वीसेक टक्के बाजूला ठेवा, कारण जुनी पुट्टी फोडल्यावर आत कुणाचा डबा निघेल सांगता येत नाही.

बाकी भराभर सांगतो, वेळ कमी राहिलाय. मास्किंग टेप आणि पेपर लावून रंग मारणं स्वस्त पडतं, पण काचेच्या रबराच्या कडेनं रंगाची धार राहते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथूनच पापुद्रा सुटतो. हँडल, लाइट, रबर, बीडिंग काढून रंग मारायला मजुरी जास्त, ती द्या. ती द्याच. दुसरं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग आणि रंग भाजायची बंद खोली, म्हणजे हीटबूथ, आहे का विचारा. बूथमध्ये साधारण ६० डिग्रीला गाडी भाजून निघते, धूळ बसत नाही. उघड्या शेडमध्ये मारलेला रंग वाईटच असतो असं नाही, पण पावसाळ्यात तिथं देऊ नका, हवेत ओल असली की रंगावर पांढरट झाक येते. दसरा-दिवाळीच्या तोंडावरही नको, तेव्हा प्रत्येक गॅरेजात रांग असते आणि घासाईचं काम उरकलं जातं, आणि रंगाचं सगळं सौंदर्य घासाईत असतं हो, शेवटचा हात कुणीही मारेल. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

रंग बदलायचाय? तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालची बाजू सगळं धरावं लागतं, खर्च बराच चढतो, आणि आरटीओत जाऊन आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा लागतो. मी म्हणतो आहे तोच ठेवा. तसंही हल्ली सगळे पांढरा, करडा नाहीतर सिल्व्हर घेतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं, पूर्वी गाड्यांना निळा, मोरपंखी, बिस्किटी रंग असायचे, कुणाची गाडी आली ते गल्लीच्या टोकावरून कळायचं. असो.

इन्शुरन्समधून होईल का, असं बरेच जण विचारतात. रंग उडाला, उन्हानं फिका पडला याचे पैसे मिळत नाहीत, अपघातात ठोकलेल्या भागाचे मिळतात, तेही पूर्ण पॉलिसी असेल तर, नुसत्या थर्ड पार्टीवर काही नाही. आणि त्यातही घसारा कापतात. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातले २५ टक्के माल समजतात आणि त्या मालाच्या निम्मे कापतात. म्हणजे २० हजारांच्या पेंटिंग बिलात माल ५ हजार, कट अडीच हजार. आणि गाडी विकायचीच असेल तर फुल पेंट करूच नका, पन्नास घालून भाव पन्नासानं वाढत नाही, उलट गिऱ्हाइकाला शंका येते की काय लपवलंय. रबिंग-पॉलिश करा आणि विका. ठेवायची असेल, वडिलांची असेल, जीव अडकला असेल, तरच.

गाडी ताब्यात घेताना उन्हात घ्या, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही, शेड जुळलीय की नाही ते उन्हातच कळतं. रंगाचा कोड लिहून घ्या आणि उरलेल्यातला पाव लिटर डब्यात भरून मागा, पुढे टचअपला लागतो. पहिला महिनाभर वॅक्स नको, जाड कव्हर नको, आणि सोसायटीत एकाच फडक्यानं सगळ्यांच्या गाड्या पुसणारा तो मुलगा असतो ना, त्याला हात लावू देऊ नका. त्याचे महिन्याचे पैसे द्या, पण हात लावू देऊ नका. आणि गाडी घरी आली की बायका ओवाळतात, ओवाळू दे, नारळ खाली जमिनीवर फोडा, पण बॉनेटवर हार सेलोटेपनं चिकटवू नका. ताज्या रंगावरची टेप ओढली की रंग टेपबरोबर येतो, साडूंच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या एका पोरानं तसा चिकटवलाच होता, आणि सनई चालू असताना मिस्त्री, त्यांना लग्नाचं आमंत्रण होतंच, ताटावरून उठून धावत गेले आणि गरम पाण्याचं फडकं लावून ती टेप इंच-इंच करून सोडवली.

पुढच्या वेळी टायरबद्दल बोलू. नमस्कार.