मातीतल्या बुरशीचं बारसं

मंडळी, सोयाबीन निघाल्यावर इंदूरजवळच्या महूच्या वाटेवरच्या एका शेतातून मी मूठभर काळी माती आणली. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात कालवली, ते पाणी दहापट, परत दहापट असं पातळ करत नेलं आणि त्याचा थेंब बटाट्याच्या अर्काच्या अगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, पसरला. चौथ्या दिवशी प्लेटवर पांढऱ्या कापसात हिरवी वलयं उमटली होती. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर फांद्यांच्या टोकांना सुरईच्या आकाराच्या पेशी, आणि प्रत्येक सुरईच्या तोंडाशी हिरव्या बीजाणूंचा ओलसर गोळा. ट्रायकोडर्मा. तुमच्यापैकी जे शेती करतात ते ही बुरशी पाकिटातून विकत आणतात, बियाण्याला चोळतात.

त्या दिवसापासून जो भेटेल तो एकच विचारतो, नवी जात आहे का हो? या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती काम पडतं, ते आज सांगते.

ट्रायकोडर्मा हे नाव 1794 मध्ये बुरशीशास्त्रज्ञ पर्सून यांनी दिलं. 1939 मध्ये बिस्बी यांचं मत असं होतं की ट्रायकोडर्मात एकच जात आहे, विरिडी. 1969 मध्ये रिफाई यांनी नऊ गट पाडले. आज साडेतीनशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. बुरशी तीच होती, बघणाऱ्यांची नजर बारीक होत गेली. विरिडी म्हणून वापरात असलेल्या कितीतरी कल्चरांची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशींची, जनुकं तपासली, तेव्हा ती अॅस्परेलम किंवा दुसऱ्याच जातीची निघाली. कोणती जात कोणत्या रोगाला आवरते हे शेतकऱ्याला नेमकं सांगायचं, तर नाव चुकून चालत नाही. मला या कामाची तळमळ आहे ती यासाठी.

म्हणून वर्णन लिहायचं. कोणत्या तापमानाला किती दिवसांत वसाहत किती मिलिमीटर वाढली, उलट बाजूचा रंग काय, वास येतो का. बीजाणू मोजायचे ते पाच-दहा नाही, पन्नास तरी. ट्रायकोडर्मात ते साधारण तीन-चार मायक्रॉनचे, माणसाचा केस त्याच्या वीसपट जाड. बुरशीची ओळख पटवायला आयटीएस हा जनुकीय तुकडा सगळीकडे वाचतात, पण ट्रायकोडर्मात शेजारच्या जातींचा आयटीएस हुबेहूब सारखा निघू शकतो. मग टेफ-1 आणि आरपीबी-2 ही जनुकंही वाचावी लागतात.

नामकरणाचे नियम कडक आहेत, आणि ते तसेच असावेत. 2012 पासून वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट गेली, इंग्रजी चालतं. 2013 पासून मात्र नावाची नोंदणी करून क्रमांक घेतल्याशिवाय ते ग्राह्य धरत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो आदर्श नमुना. नाव त्या एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं. वाळवलेला नमुना चालतो, गोठवून निष्क्रिय केलेलं कल्चरही चालतं, पण ते संग्रहात जपलेलं हवं. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह आहे. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर माझ्या लिखाणावर विसंबायची गरज नाही, त्याने नमुना काढून पाहावा.

हे इंदुरात सांगताना मला विशेष वाटतं. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत इथेच बसवली, 1931 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. काडीकचरा आणि शेण ढिगात कुजू लागलं की आत पांढरी बुरशी धरते, हे ढीग पालटणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. त्या पांढऱ्या जाळ्यात कोण कोण राहतं, याची यादी करायचं काम अजून पुष्कळ उरलंय. जगात बुरशीच्या बावीस ते अडतीस लाख जाती असाव्यात असा 2017 चा अंदाज आहे. वर्णन झालंय ते जेमतेम दीड लाखांचं.

माझ्या कल्चरचे बीजाणू मोजून झालेत, पंचवीस आणि तीस अंशांच्या प्लेटा वाढताहेत, आरपीबी-2 वाचायचं राहिलंय. तोवर नळीवरच्या चिठ्ठीवर लिहिलंय ते एवढंच: ट्रायकोडर्मा, जात अनिश्चित, काळी माती, महू रस्ता.