चकतीचा फोन, आजच्या लाइनवर

(दृश्य: ० च्या भोकात बोट. चकती अडणीपर्यंत जाते, बोट सुटतं, चकती घरघरत मागे येते.)

ही घरघर नीट ऐका. चकती पुढे ओढताना लाइनवर काहीच घडत नाही. जे घडतं ते ती परत येताना. रिसीव्हर उचलला की लाइनमधून साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि परतणारी चकती तो तोडत-जोडत येते. ३ फिरवला तर तीनदा, ० फिरवला तर दहादा. वेग सेकंदाला दहा ठोके. एका ठोक्यात सुमारे ६० मिलिसेकंद प्रवाह बंद, ४० मिलिसेकंद चालू.

१९६३ मध्ये बटणांचे टोन बाजारात आले, म्हणजे ठोक्यांऐवजी प्रत्येक बटणाचा वेगळा सूर. आज घरात फोन ज्याला जोडतो त्या फायबर इंटरनेटच्या डब्यांपैकी बरेचसे तेवढेच ओळखतात. ठोके त्यांच्या लेखी नुसती खडखड. म्हणजे फोन मेलेला नाही, त्याची भाषा समोरच्याला कळत नाही. म्हणून आतली यंत्रणा उपसून बटणांचा फोन कोंबण्याचा उद्योग करू नका.

आधी लाइन तपासा. फोन जोडा, डायल टोन ऐका, ५ फिरवा. टोन थांबून शांतता झाली तर तुमची लाइन ठोके मोजते आहे, ठोक्यांचे टोन करून देणाऱ्या कन्व्हर्टरवर खर्च करायची गरजच नाही. टोन तसाच वाजत राहिला तर लागेल. काही डब्यांच्या सेटिंगमध्ये पल्स डायलिंगचा, म्हणजे ठोके ओळखण्याचा पर्याय असतो, पण तो बंद ठेवलेला असतो. तिथे एकदा डोकवा.

आता फोन उघडायचा, पण लाइनची वायर भिंतीतून काढूनच. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतात, त्यांचा फारसा त्रास नाही. मात्र नेमका त्या वेळी फोन आला तर ९० व्होल्टपर्यंत एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो.

(जवळून: लाइनच्या दोन टोकांवर मल्टिमीटरच्या सुया.)

रिसीव्हर जागेवर ठेवून लाइनच्या दोन टोकांमधला रोध मोजा. तो अनंत दिसायला हवा. काटा क्षणभर उसळून परत आला तर ठीक, हलून तिथेच राहिला तर बहुधा घंटीच्या वाटेवरचा जुना कागदी कॅपॅसिटर गळतोय. असा फोन लावला की एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे, आणि तुम्हाला फोन येणंच बंद होतं. कॅपॅसिटर बदला. मूळ किंमत त्याच्यावरच छापलेली असते, बहुतेक फोनांत १ ते २ मायक्रोफॅरड, काहींत अर्ध्याच्या आसपास. व्होल्टेजमध्ये काटकसर नको. ९० व्होल्ट एसीचं टोक १२७ व्होल्ट, त्यात लाइनचे ४८ मिळवले की झाले १७५. फिल्म जातीचा, किमान २५० व्होल्टचा घ्या.

मग चकती. ती हळू झाली असेल तर कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी चुकीचे नंबर लावेल. मोजायची सोपी रीत अशी: मोबाइलवर घरघर रेकॉर्ड करा, ० फिरवा आणि आवाजाच्या आलेखात पहिल्या ठोक्यापासून दहाव्या ठोक्यापर्यंतचं अंतर बघा. मध्ये नऊच फटी असतात, म्हणून बरोबर उत्तर ०.९ सेकंद, एक सेकंद नव्हे. १.१ सेकंद निघालं तर चकती सुस्त आहे. कारण बहुतेकदा एकच, चकतीचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या सांध्यांत गोंदासारखं घट्ट झालेलं तेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळू द्या, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल खुंट्यांना द्या. गव्हर्नरची वजनं ज्या वाटीला घासतात तिथे तेलाचा थेंबही जाता कामा नये. ब्रेक सुटेल, चकती पिसाटेल. गंज काढायचा स्प्रे तर मुळीच नको.

(जवळून: चकतीच्या पाठीमागची स्प्रिंगांची पानं.)

इथे संपर्कांच्या दोन जोड्या दिसतील. मल्टिमीटर बीपवर ठेवा. चकती स्वस्थ असताना जी जोडी वाजते आणि परतताना तुटक तुटक वाजते, ती ठोक्यांची. जी स्वस्थ असताना गप्प असते आणि चकती हलली की वाजते, ती रिसीव्हरमधला आवाज बंद करणारी. ती नसती तर प्रत्येक ठोका कानात कडकडला असता. दोन्ही जोड्यांमधून अल्कोहोलने ओली केलेली जाड कागदाची पट्टी ओढून घ्या. पॉलिश पेपर वापरू नका, संपर्काचा मुलामा निघून जातो.

कन्व्हर्टर दोन प्रकारचे. एक लाइनमध्ये बाहेर बसतो, फोन उघडावाही लागत नाही. दुसरा छोटा बोर्ड, फोनच्या पोटात. दोन्ही लाइनच्याच विजेवर चालतात. आतल्या बोर्डाला ठोक्यांच्या जोडीच्या दोन वायरी द्यायच्या, पण त्या आधी मूळ सर्किटमधून सोडवून. इथेच बहुतेकांची गफलत होते. वायरी सोडवल्या नाहीत तर चकती लाइनही तोडत राहते आणि बोर्ड टोनही पाठवतो, मग नंबर अर्धा लागतो. काही बोर्डांत अंक अडणीशी दोनेक सेकंद धरून ठेवला की तारा (*) आणि हॅशही (#) मिळतात.

फोन परदेशातून आलेला असेल तर चकतीवरचे अंक निरखून बघा. जुन्या स्वीडिश फोनवर ० म्हणजे एक ठोका, १ म्हणजे दोन. न्यूझीलंडच्या चकतीवर अंकांचा क्रमच उलटा, १ ला नऊ ठोके. तिथले ५ आणि ० तेवढे आपल्या चकतीशी जुळतात! अशा फोनसाठी बोर्डात तशी सेटिंग आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

घंटी मुकी असेल तर ती बिघडली असं लगेच धरू नका. अनेक जुन्या अमेरिकन फोनांत घंटीचं एक टोक तिसऱ्या वायरवर, म्हणजे अर्थवर असतं, कारण एकाच लाइनवर अनेक घरं असायची. आज लाइन दोनच वायरींची. ते टोक लाइनच्या दुसऱ्या वायरवर आणलं की घंटी वाजते. वाजते पण दबकी, असं असेल तर तुमचा डबा कमी व्होल्ट देतोय. घंटीच्या वाट्यांचे स्क्रू सैल करा. वाट्यांची भोकं मध्यावर नसतात, त्या जरा फिरवल्या की ठोकळीपासूनचं अंतर बदलतं. आवाज खुलेपर्यंत फिरवा. नंबर फिरवताना घंटी किणकिणत असेल तर लाइनच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा.

आणि समोरच्याला तुमचा आवाज खरखरीत, लांबून आल्यासारखा वाटत असेल, तर माइकमधले कोळशाचे कण एकमेकांना चिकटलेत. रिसीव्हर तळहातावर दोन-तीनदा आपटा. तरी नाही सुधारला तर त्याच मापाची इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे कोळशाविना चालणारा माइक, मिळते, ती बसवा. जुनी फेकू नका. सोडवलेल्या वायरींच्या टोकांना टेप लावा, कोणती कुठून काढली ते कागदावर लिहा आणि तो कागद तळाच्या पत्र्याला आतून चिकटवून मगच झाकण लावा.