उत्तर लिहिताना हात अडतो तिथे

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. २२ वर्षं झाली. माल आला की चलन तपासायचं, मोजून घ्यायचा, रॅकला लावायचा, नोंद करायची. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला कोड असतो. कोड चुकला की वस्तू समोर असूनही सापडत नाही. चार वर्षांपूर्वी कंपनीत एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, त्यात मायर्स-ब्रिग्ज नावाची स्वभाव ओळखायची चाचणी घेतली आणि त्या दिवशी मलाही कोड मिळाला. चार अक्षरांचा. आयएसटीजे.

म्हणजे अंतर्मुख, प्रत्यक्ष दिसेल त्यावर भिस्त ठेवणारी, मनापेक्षा विचाराचं ऐकणारी आणि शिस्तीची. अशा चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू आणि त्यातून माणसांचे १६ प्रकार. तुमच्यापैकी अनेकांनी ही चाचणी मोबाइलवर दिलीही असेल.

निकाल वाचून मला फार बरं वाटलं. लहानपणापासून ‘ही कुणात मिसळत नाही’ हे ऐकत आलेले. त्याला कुणीतरी पहिल्यांदाच खोड न म्हणता स्वभाव म्हटलं होतं. तेवढ्यासाठी मी त्या कागदाची आजही ऋणी आहे.

त्रास पुढे झाला. माल पुरवणाऱ्यांच्या बैठकीला मी दरवर्षी जायची. त्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुम्ही अंतर्मुख आहात ना, तुम्हाला कशाला उगाच त्रास?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्या कागदानं मला सकाळी समजून घेतलं होतं, त्याच कागदानं माझी खुर्ची काढून घेतली होती.

म्हणून मग मी या चाचणीचं मूळ शोधायला लागले. स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यातूनच जगभर गेले. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच, असंही युंग यांचं म्हणणं होतं. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्या विचारावरून प्रश्नावली तयार केली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत कामाला लागल्या होत्या, आणि कुणाला कोणतं काम मानवेल हे ज्याचं त्याला कळावं, ही इझाबेलबाईंची तळमळ होती. हे वाचलं तेव्हा मी स्टोअरमध्येच डबा खात होते. एका बाईनं कारखान्यातल्या बायकांसाठी केलेली गोष्ट. नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये, असं चाचणीचं काम पाहणारी संस्थाही सांगते.

शास्त्राच्या बाजूनं मोठी अडचण आहे ती मधल्या रेषेची. दहावीला ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास. त्या दोन मुलांत फरक किती? इथेही तसंच होतं. बहुतेक माणसांचे गुण मध्याच्या आसपास पडतात, आणि दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली की अक्षर बदलतं. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर बऱ्याच जणांचा प्रकारच बदलतो. म्हणून आजचे संशोधक माणसाला खणात न ठेवता पाच स्वभावगुणांच्या पट्ट्यांवर तो कुठे आहे ते मोजणं पसंत करतात.

‘पण माझं वर्णन तर तंतोतंत जुळलं!’ असं तुम्ही म्हणाल. माझंही जुळलं होतं. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझं वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्या कागदांवर मजकूर एकच होता.

एवढं सगळं कळूनही मी तो कागद फेकला नाही. कारण निकालापेक्षा मला प्रश्न मोलाचे वाटले. एक प्रश्न असा होता, गर्दीत गेल्यावर तुम्हाला हुरूप येतो की थकवा? मी ‘थकवा’वर खूण केली, पण पेन क्षणभर अडलं होतं. त्या रात्री पंचवटीला घरी जाताना कारण आठवलं. २०१५ चा सिंहस्थ. १३ सप्टेंबरच्या शाही स्नानाला आम्ही गल्लीतल्या बायकांनी पाणी वाटायला टेबल लावलं होतं. पहाटेपासून माणसांचा लोंढा. एका म्हातारीनं पेला घेतला नाही, ओंजळ पुढे केली. मी वरून धार धरली. तिच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि ती डोळे मिटून पीत होती. दुपारपर्यंत उभी होते, आणि थकवा म्हणून नाही. उलट लग्नाच्या रिसेप्शनला अर्ध्या तासात माझं डोकं दुखायला लागतं.

म्हणजे मला गर्दी थकवत नाही, रिकामे हात थकवतात. हे कोणत्याही चार अक्षरांत लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून लग्नघरी गेले की मी काम मागून घेते. आहेराची यादी लिहायला बसते. येणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जातो, आणि ते मला आवडतं.

आपल्या टाकळीला समर्थ रामदासांनी १२ वर्षं तप केलं असं मानतात. त्यांच्या दासबोधातला दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो. ती वाचताना प्रत्येक लक्षणाला आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा येतो, हा माझा तरी अनुभव. पण समर्थांनी ती लक्षणं त्यागासाठी सांगितली आहेत, आणि लगेच पुढच्या समासात उत्तम लक्षणं येतात. लक्षण सोडता येतं, घेता येतं. मला हा विचार १६ खणांपेक्षा खूप जवळचा वाटतो, विशेषतः आपण शाळकरी मुलांनाही ‘तू अमक्या प्रकारची’ म्हणायला लागलो आहोत म्हणून.

गेल्या दिवाळीत मी तीच प्रश्नावली लेकीपुढे ठेवली. म्हटलं, माझी उत्तरं तू दे. माझ्या निळ्या खुणांशेजारी ती लाल पेनानं खुणा करत गेली. ‘समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलता का?’ इथे मी ठामपणे हो म्हटलं होतं. तिनं ‘नाही’वर खूण केली. मी म्हटलं, ‘अगं, मी कधी तुला मधेच तोडलंय?’

‘तोडत नाहीस, आई,’ ती म्हणाली. ‘तू ऐकतेस. पण उत्तर आधीच ठरलेलं असतं तुझं. मला दिसतं ते.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते ठरलेलंच होतं. मग मी काही बोलले नाही. लाल पेन तिच्या हातात होतं, पुढचे बरेच प्रश्न उरले होते. म्हटलं, ‘पुढचा वाच.’